एकटा राहिलेला बजी : नवा जोडीदार आणण्यापूर्वी

सांगलीच्या विश्रामबागेतील एका भगिनींनी विचारले आहे की, दिवाळीत त्यांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलीसाठी बजींची, म्हणजे आपल्याकडे ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणतात त्या पक्ष्यांची, एक जोडी आणली. त्यातील निळी मादी मागच्या आठवड्यात सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडलेली आढळली. आदल्या संध्याकाळपर्यंत ती वाटीपाशी बसून दाणे टिपत होती. आता हिरवा नर गप्प झाला आहे. दुकानदाराने "हवा लागली असेल" असे सांगून पाण्यात घालायला एक पूड दिली आहे. शेजारी म्हणतात की त्याला सोडून द्या, आणि मुलगी म्हणते की आजच दुसरी मादी आणा.

ताई, आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत : पूड द्यावी का, सोडून द्यावे का आणि नवी मादी कधी आणावी. परंतु आपल्या लिहिण्यात सर्वांत जास्त सलते आहे ती चौथी गोष्ट, ती म्हणजे खातापिता पक्षी एका रात्रीत कसा गेला आणि घरात कोणालाच ते आधी कसे कळले नाही. माझ्या अनुभवात या चौथ्या प्रश्नाचे उत्तर समजले की बाकीच्या तिन्हींची उत्तरे बरीचशी आपोआप मिळतात, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. मी सांगलीत २२ वर्षे बजी पाळतो आहे, पण मी पशुवैद्य नाही आणि आपली मादी मी पाहिलेली नाही, त्यामुळे ती नेमकी कशाने गेली हे मी सांगू शकत नाही. ते शवविच्छेदनानेच कळते. पुन्हा कधी असा प्रसंग आलाच, तर मृत पक्षी पिशवीत बांधून फ्रीजच्या खालच्या भागात ठेवावा, बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये, कारण गोठल्यावर आतले अवयव तपासण्याजोगे राहत नाहीत. आणि शक्य तितक्या लवकर पशुवैद्याला विचारावे. आपल्या भागाला जवळ म्हणावे असे पशुवैद्यक महाविद्यालय सातारा जिल्ह्यात शिरवळला आहे. मात्र निघण्यापूर्वी त्यांच्याकडे अशी तपासणी होईल का, याची चौकशी करून मगच जावे.

आता मूळ मुद्दा. बजी हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, उघड्या माळरानावरचा पक्षी आहे. तिथे तो मोठ्या थव्यांनी राहतो, आणि थव्यातला जो पक्षी मंद दिसतो त्यालाच ससाणा पहिल्यांदा उचलतो, म्हणून आजार लपवणे हे त्याच्या रक्तातच आहे. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढूनही ही सवय गेलेली नाही. आजारी बजी जोडीदाराबरोबर वाटीपाशी जातो, दाणा चोचीत घेतो, जिभेवर फिरवून सोलतो आणि गिळण्याऐवजी खाली टाकतो. दोन हातांवरून पाहणाऱ्याला तो खाताना दिसतो, पण पोटात काही जात नाही. ज्या दिवशी तो पिसे फुगवून, डोळे मिटून, दोन्ही पाय टेकून बसलेला दिसतो, तो आजाराचा पहिला दिवस नसून बहुतेक वेळा शेवटच्या दिवसांपैकी एक असतो. आपल्या मादीचे असेच झाले असण्याची शक्यता मला मोठी वाटते, आणि म्हणून "आम्ही लक्ष दिले नाही" असा दोष आपण किंवा मुलीने स्वतःला देऊ नये. नुसत्या डोळ्यांना ते सहसा दिसतच नाही.

ते काट्याला दिसते. घरगुती बजीचे वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम असते, म्हणजे ३६ ग्रॅमच्या पक्ष्याचे ४ ग्रॅम कमी झाले तर त्याच्या शरीराचा नववा हिस्सा गेला; माणसाच्या मापाने हे ६० किलोच्या बाईचे सहा-सात किलो अचानक उतरण्यासारखे आहे. पण पिसांच्या खाली हे काहीही दिसत नाही. स्वयंपाकघरात मसाले मोजायला वापरतात तसा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा यासाठी पुरेसा होतो. मी त्यावर झाकणाला भोके पाडलेला प्लास्टिकचा डबा ठेवतो, काटा शून्यावर आणतो आणि सकाळी दाणे देण्यापूर्वी, रोज त्याच वेळी, पक्षी आत घेऊन आकडा वहीत लिहितो. पहिले चार दिवस पक्षी घाबरतो. डब्यात राळ्याचे एक छोटे कणीस ठेवले की आठवड्याभरात तो स्वतःहून आत उडी मारतो. रोज एखाद्या ग्रॅमची वरखाली होतच असते, तिच्याकडे लक्ष देऊ नये. सलग तीन दिवस आकडा उतरत असेल, किंवा एकूण दहावा हिस्सा कमी झाला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, मग पक्षी कितीही गात असो.

हे मी का इतके आग्रहाने सांगतो, ते एका उदाहरणाने सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक हिरवा नर होता, दिवसभर बोलणारा. वहीत त्याचे आकडे ३८, ३८, ३७, ३६, ३५ असे उतरत गेले आणि नवव्या दिवशी ३२ आला. त्या सकाळीही तो घंटी वाजवत होता. मी त्याला हातात धरून छातीवरून बोट फिरवले तेव्हा मधले हाड बोथट सुरीच्या धारेसारखे लागले. निरोगी पक्ष्यात त्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेले असते. वाटीखालच्या कागदावर सोलून टाकलेले, ओलसर, अर्धवट चावलेले दाणे पडले होते. डॉक्टरांनी शीट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर जठरात वाढणारी बुरशी निघाली, जी बजींमध्ये नेहमी आढळते. औषध सुरू झाले आणि तो पुढे चार वर्षे जगला. काटा नसता तर मीही लोकांना सांगितले असते की काल तर चांगला होता.

वाटीविषयीही इथेच सांगतो, कारण त्या बाबतीत माझ्या हातून झालेली चूक मी विसरू शकत नाही. सुरुवातीच्या काळात मी दोन दिवस गावी गेलो होतो. पिंजऱ्यात वाटी भरून ठेवली होती आणि शेजाऱ्यांना फक्त "दाणे संपले तर घाला" असे सांगितले होते. त्यांनी दोन्ही दिवस पाहिले, वाटी काठोकाठ भरलेली होती. परत आल्यावर मी वाटीवर फुंकर मारली तेव्हा वरची सगळी फोलपटे उडाली आणि खाली वाटीचा रिकामा तळ दिसला. बजी दाणा सोलून आतला गर खातो आणि फोलपट तिथेच टाकतो, त्यामुळे रिकामी वाटी भरलेली दिसते. त्या दोन दिवसांत माझा एक पक्षी गेला. इतक्या लहान पक्ष्याला एक दिवसाचा उपासही झेपत नाही. तेव्हापासून रोज सकाळी वाटी पूर्ण रिकामी करून, पुसून, नव्याने भरायची असा माझ्या घरचा नियम आहे. एका पक्ष्याला दिवसाला दीड ते दोन चहाचे चमचे दाणे पुरतात. आपल्या घरी वरून थोडे थोडे दाणे टाकण्याची पद्धत होती का, हे आठवून पाहावे.

दाण्यांमध्ये राळे, वरी आणि थोडी बाजरी असावी. सूर्यफुलाच्या बियांत तेल फार असते, त्या कधीतरी दोन-तीनच द्याव्यात. केवळ दाण्यांवर ठेवलेल्या पक्ष्यात अ जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि आयोडीन यांची कमतरता हळूहळू साठत जाते, म्हणून रोज धुतलेली कोथिंबीर, मेथी किंवा शेवग्याचा पाला द्यावा आणि समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्याला कायम अडकवलेला असावा. आपल्या जिल्ह्यात हिवाळ्यात शाळूची दुधात आलेली कणसे सहज मिळतात. अख्खे कणीस टांगले की बजी त्याला उलटे लटकून तासभर दाणे काढत बसतो आणि त्यात त्याचे खाणे व खेळणे दोन्ही होते. मात्र फक्त कणीसच द्यावे. ज्वारीच्या कोवळ्या पाल्याने जनावरांना विषबाधा होते हे आपल्याकडे शेतकऱ्यांना चांगले ठाऊक आहे. पेरणीसाठी विकली जाणारी बाजरी कधीही घालू नये, कारण त्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेले असते. आणि द्राक्षे द्यायचीच तर बागेत कशाची फवारणी झाली हे ठाऊक असेल तेव्हाच, नीट धुऊन, अर्धा मणी. दाणे जुने आहेत की ताजे, हे पाहण्यासाठी चमचाभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत. तीन दिवसांत बहुतेकांना मोड आले नाहीत तर त्यांच्यातला कस गेलेला आहे आणि ते बदलावेत.

आता मादीच्या बाबतीत मला एक शंका आहे. पिंजऱ्यात घरटे म्हणून मडके टांगलेले होते का? दुकानातून जोडी घेतली की बहुतेक वेळा मडकेही सोबत दिले जाते. मडके दिसले की मादी अंड्यांच्या तयारीला लागते, मग तिचे वय आणि तिच्या अंगातले कॅल्शियम त्याला पुरेसे असो वा नसो. दिवसाआड एक अशी चार ते सहा अंडी ती घालते. त्यातले एखादे अडकले तर मादी तळाशी पाय फाकवून बसते, शेपटी श्वासाबरोबर वरखाली हलते, ती कुंथते आणि काही तासांत दगावू शकते. अशा वेळी तिला उबेत ठेवून तातडीने डॉक्टरांकडे नेणे एवढेच घरच्या माणसाच्या हातात असते. पोट दाबणे किंवा तेल सोडणे हे उपाय जिवावर बेततात. आपली मादी तळाशी सापडली, एवढ्यावरून मी अंड्याचा निष्कर्ष काढणार नाही, कारण कोणत्याही कारणाने मेलेला पक्षी तळाशीच पडतो. पण मडके असेल तर ते आजच काढून टाकावे. पिल्ले वाढवायचा विचार नसलेल्या घरात त्याची काहीही गरज नाही. बजी झोपतात ते काठीवर, घरट्यात नव्हे.

दुसरी शक्यता हवेची आहे, पण दुकानदार म्हणतात त्या अर्थाने नाही. पक्ष्याच्या फुफ्फुसाला हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि हवा फुफ्फुसातून एकाच दिशेने सतत वाहत राहते, त्यामुळे धूर किंवा वाफ त्याच्या रक्तात आपल्यापेक्षा फार लवकर उतरते. नॉनस्टिकचा तवा रिकामा तापत राहिला तर त्यातून निघणारी वाफ माणसाला जाणवतही नाही आणि शेजारच्या खोलीतला बजी काही मिनिटांत मरतो. डासांची कॉइल, उदबत्ती, धूप, झुरळांचा फवारा आणि खोलीत मारायचा सुगंध या सगळ्यांपासून पिंजरा दूर हवा. पिंजरा कुठे होता आणि त्या रात्री खोलीत काही लावले होते का, हे आपण लिहिलेले नाही.

आणि सध्या एप्रिल आहे. आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो आणि सिमेंटची गॅलरी संध्याकाळीही तापलेली असते. ऑस्ट्रेलियातला बजी उन्हाला सरावलेला असतो खरा, पण तिथे तो उडून झाडाच्या सावलीत आणि पाण्यावर जाऊ शकतो. पिंजऱ्यातल्याला जागा बदलता येत नाही. चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले आणि श्वास जोरात, असे दिसले की त्याला आतल्या गार खोलीत आणावे, पसरट ताटलीत साधे पाणी ठेवावे आणि पिंजऱ्याच्या एका बाजूला ओले फडके टाकावे. बर्फाचे पाणी नको. दुपारचा पिंजरा घराच्या आतच असावा, आणि पक्षी बाहेर काढायचा असेल तेव्हा छताचा पंखा बंद असल्याची खात्री करावी.

आता पुडीविषयी. ती घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण तिच्यात प्रतिजैविक असेल, तर कोणता आजार आहे हे ठाऊक नसताना दिलेले ते औषध बुरशीवर चालत नाही, उलट ती वाढायला वाव देते. शिवाय पाण्यातून किती औषध पोटात जाईल हे पक्षी किती पाणी पितो यावर ठरते, आणि आजारी बजी पाणी कमीच पितो. पाण्याची चव बदलली तर पीतच नाही. आपले हळदीचे गाव असल्याने चिमूटभर हळद घातलेले पाणी देण्याचा सल्लाही आपल्याला कोणीतरी देईल. त्यालाही हीच अडचण आहे. स्वच्छ पाणी दिवसातून दोनदा बदलणे हे त्या पुडीपेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

सोडून देण्याचा सल्ला मायेपोटी दिलेला असतो हे मी जाणतो, पण तो पाळू नये. इंग्लंडमध्ये १८४० साली पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी जिवंत बजी नेले, तेव्हापासून हे पक्षी पिंजऱ्यातच पैदा होत आले आहेत. आपल्या हिरव्या नराला इथल्या झाडाझुडपांत अन्न शोधता येत नाही, कावळा आणि शिक्रा ओळखता येत नाहीत. सोडल्यास तो एक-दोन दिवसांत मरेल. पिंजऱ्यात ठेवायला मनाई आहे ती आपल्या रानातल्या राघूला, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. बजी त्या कायद्याच्या यादीत येत नाही. मुलीने पुढे कधी राघू मागितला, तर हा फरक तिला समजावून सांगावा.

राहिला नव्या जोडीदाराचा प्रश्न, आणि इथे मुलीचे मन दुखावणारे उत्तर द्यावे लागते आहे. दुसरा पक्षी जरूर आणावा, कारण बजी थव्याचा जीव आहे आणि त्याला एकटे ठेवणे योग्य नाही. पण आज नव्हे. मादी संसर्गाने गेली असेल तर तो संसर्ग या नरात असू शकतो, आणि नवा पक्षी दुकानातून वेगळा संसर्ग आणू शकतो. नर गप्प आहे तो जोडीदार गेल्याने की आजाराने, हे वरून ओळखता येत नाही. ते वजन आणि शीट यांवरून ठरते. पिंजऱ्याच्या तळाला पांढरा कागद घालून रोज सकाळी पाहावे : निरोगी शिटेत गडद हिरवी वळी, तिच्यावर पांढरा भाग आणि भोवती थोडेसे पाणी असते. रंग पिवळट झाला, दाणे जसेच्या तसे निघाले किंवा शेपटीखालची पिसे चिकटली, तर डॉक्टर. शोक असेल तर तो साधारण दोन आठवड्यांत हळूहळू बोलू लागतो. तोपर्यंत पिंजरा घरातली माणसे बसतात त्या खोलीत ठेवावा आणि मुलीने रोज त्याच्याजवळ बसून वाचावे किंवा बोलावे; तिचा आवाज हाच सध्या त्याचा थवा आहे.

महिनाभर नराचे वजन स्थिर राहिले तर नवा पक्षी आणावा, आणि तोही वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत, आणखी किमान ३० दिवस ठेवावा. मी स्वतः ४५ दिवस ठेवतो. दाणापाणी आधी जुन्याला, मग नव्याला, आणि मध्ये हात साबणाने धुवावेत. पक्ष्यांपासून माणसाला होऊ शकणारा एक ताप आहे, ज्यात फुफ्फुसाला सूज येते, म्हणून हा हात धुण्याचा नियम मुलीसाठी कायमचाच ठेवावा, आणि पिंजऱ्यातली शीट कोरडी खरवडू नये, आधी ओली करून पुसावी. नवा पक्षी मादीच हवा असेही नाही. दोन नर एका पिंजऱ्यात सुखाने राहतात आणि अंड्यांचा प्रश्नच उरत नाही. चोचीच्या मुळाशी जो मेणचट पट्टा असतो तो प्रौढ नरात निळा आणि मादीत फिकट पांढरट किंवा तपकिरी असतो, पण पिवळ्या व पांढऱ्या जातींतल्या नरांत तो गुलाबीच राहतो, तिथे फसगत होते. कपाळावरच्या काळ्या रेघा चोचीपर्यंत आलेल्या असतील तर पक्षी तीन-चार महिन्यांच्या आतला आहे आणि तो लवकर माणसाळतो. दोघांसाठी पिंजरा उंचीपेक्षा लांबीला मोठा, अडीच फुटांच्या खाली नको, आणि आत प्लास्टिकच्या एकसारख्या दांड्यांऐवजी पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या असाव्यात, म्हणजे पायाला फोड येत नाहीत.

तेव्हा आज संध्याकाळी पुढील गोष्टी कराव्यात : मडके असेल तर काढावे, पिंजरा गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावा, तोवर नराला दुसऱ्या खोक्यात ठेवावे, तळाला पांढरा कागद घालावा, आणि उद्या सकाळी दाण्यांच्या आधी त्याचे पहिले वजन घ्यावे. वही मुलीच्याच हाती द्यावी. दहा वर्षांच्या मुलीला हे काम नीट जमते. सात दिवसांचे आकडे, पिंजऱ्याची जागा आणि मडक्याविषयीचे उत्तर मला इथेच लिहून कळवावे. मधल्या काळात एखाद्या सकाळी आकडा ३० च्या खाली गेला, तर मात्र माझ्या उत्तराची वाट न पाहता त्याला कापड टाकलेल्या खोक्यात उबेत घेऊन डॉक्टरांकडे निघावे.